आधी पाणी, मग गाडी

उन्हात कोसळलेल्या माणसाच्या अंगावर तिथेच पाणी ओतायचं, की आधी त्याला उचलून दवाखान्यात पळवायचं? छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाचं उत्तर घरागणिक बदलतं, आणि चुकीच्या उत्तराने माणसं जातात. हा वाद मी इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातला आहे. मामा बांधकामावरचे मुकादम. वाळूज, शेंद्रा, बीड बायपास अशी त्यांची उभी हयात स्लॅब टाकण्यात गेली. भाची एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात परिचारिका आहे. माणसं कल्पित असली तरी दोघं जे बोलतात ते साइटवर आणि वॉर्डात रोज कानी पडतं.

मामा : ऊन काय आजचं आहे का, माय? आमच्या आज्यानं याच उन्हात विहिरी खोदल्या. पहाटे चारला काम सुरू, अकराला लिंबाखाली. डोक्याला उपरणं, पोटात ताक-भाकर, खिशात कांदा. हनुमान जयंतीला अर्धं शहर पायी भद्रा मारुतीला जातं, ते कधी निघतं? रात्री. चैत्राच्या दुपारी खुलताबादची वाट धरायची नसते, हे काही डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

भाची : कांदा सोडला तर सगळं मान्य, मामा. कांदा भाकरीसोबत खा, पण खिशातला कांदा ऊन अडवत नाही. आणि तुम्ही जे सांगितलं ते ऊन लागू नये म्हणून. मी विचारते ते पुढचं. दुपारी दोनला तुमचा गडी सळ्या बांधता बांधता खाली बसला, काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. तुम्ही काय करता?

मामा : सावलीत घेतो. कांदा फोडून नाकाला लावतो. पाणी पाजतो. नाहीच उठला तर रिक्षात घालून घाटी दवाखान्यात.

भाची : सावली बरोबर. बाकी तिन्हींत धोका आहे.

मामांना हे लागलं असणार, कारण त्यांच्या हातून गडी बरे झालेले आहेत. आणि ते खोटं नाही. ज्याला आपण सरसकट ‘ऊन लागलं’ म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या अवस्था येतात. पहिलीत माणूस घामाघूम होतो, गरगरतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं. पण तो शुद्धीवर असतो, विचारलेल्याचं नीट उत्तर देतो. सावली, सैल कपडे, ओलं फडकं आणि मीठ-साखरेचं पाणी एवढ्यावर यातले बहुतेक जण तासाभरात सावरतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. पन्हं, ताक, लिंबूपाणीही चालतं. अशा माणसाला कांदा हुंगवला तरी तो बरा होतो, आणि श्रेय कांद्याला जातं.

दुसरी अवस्था म्हणजे उष्माघात. तिथे शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू बिघडायला लागतो.

मामा : मंग ते मला साइटवर कसं कळायचं? माझ्याकडं काय थर्मामीटर आहे?

भाची : असला तरी त्याच्यावर अवलंबून राहू नका. काखेतलं किंवा कपाळावर धरायचं यंत्र अशा वेळी आतल्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतं. त्याच्याशी बोला. नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर चुकलं, जीभ जड झाली, उगाच चिडला, झोकांड्या खाल्ल्या, फिट आली, डोळे फिरवले, तर उष्माघात समजा आणि कामाला लागा. शंका आली तरी समजा. नसेल तर तो फक्त भिजेल.

मामा : झोकांड्या खाणारा दिसला की लोक म्हणतात, घेतलेली दिसते.

भाची : तीच तर भीती. दारू प्यायला म्हणून लोक त्याला भिंतीला टेकवून निघून जातात. आणि प्यायलेल्यालाही उष्माघात होतो, उलट लवकर होतो.

मामा : पण घाम येत असला तर ऊन लागलेलं नसतं. कातडी कोरडी ठक्क पडली की मगच खरं. हे तर सगळ्यांना माहीत आहे.

भाची : सगळ्यांना माहीत आहे, आणि अर्धंच खरं आहे. पत्र्याच्या खोलीत दोन-तीन दिवस पडून असलेल्या म्हातारीची कातडी कोरडी सापडते. तुमचा गडी राबत असतो. त्याच्या स्नायूंनीच आत भट्टी पेटवलेली असते. तो घामाने निथळत असताना त्याला उष्माघात होऊ शकतो. घाम बघत बसू नका, डोकं ठिकाणावर आहे का ते बघा.

पत्र्याच्या खोलीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. शहरातल्या उन्हाचे सगळ्यांत गुपचूप जाणारे बळी रस्त्यावरचे नसतात. ते दारं लावून घरात पडलेले असतात: वयस्कर, एकटे, हृदयाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले. लघवी जास्त व्हायला लावणाऱ्या, घाम कमी करणाऱ्या कितीतरी गोळ्या शरीराची थंड व्हायची ताकद कमी करतात. गोळी मनाने बंद करायची नाही, पण मार्च लागला की डॉक्टरांना एकदा विचारायचं. आणि खोलीतली हवाच चाळिशीच्या पुढे गेली असेल तर नुसता पंखा गरम झळ अंगावर मारतो. अंगावर ओलं कापड असेल तरच त्या पंख्याचा उपयोग. शेजारची आजी सकाळपासून दिसली नाही, तर दार वाजवायला हवं.

मामा : बरं, धरलं की उष्माघात आहे. तू म्हणतेस पाणी ओता. तापलेल्या अंगावर गार पाणी? झटका बसेल. वारं जाईल अंगावरून. आमच्यात उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊसुद्धा देत नाहीत.

भाची : मामा, अंगावरून वारं जाणं म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं. गार पाण्याने ते होत नाही. उष्णतेने मात्र मेंदूच्या पेशी मरतात, मूत्रपिंड बंद पडतं, यकृत बिघडतं, रक्त नको तिथे गोठायला लागतं. ४२ अंशांवर गेलेला माणूस घड्याळाच्या काट्यावर असतो. पहिल्या अर्ध्या तासात त्याला चाळिशीच्या खाली आणलं तर बहुतेक वाचतो. तुमच्या साइटवरून रुग्णालयात पोचायला, नोंद व्हायला, खाट मिळायला किती वेळ लागतो?

मामा : जालना रोडची गर्दी धरली तर… पाऊण तास कुठं गेला नाही.

भाची : म्हणून म्हणते, तो अर्धा तास रस्त्यात घालवू नका. १०८ ला फोन लावा, स्पष्ट सांगा की ऊन लागलंय आणि शुद्ध नाही. आणि गाडी येईपर्यंत त्याला थंड करत राहा. आधी पाणी, मग गाडी.

मामा : हे कुणी करून पाहिलंय का, का पुस्तकातलं?

भाची : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमथ नावाच्या गावात दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. धावणारे कोसळतात. तिथे शेवटच्या रेषेशेजारीच बर्फाच्या पाण्याची टबं भरून ठेवलेली असतात. अठरा वर्षांच्या नोंदी तपासल्या, उष्माघाताचे २७४ रुग्ण निघाले. सगळे वाचले. आपल्याकडे दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने मे २०२४ मध्ये उष्माघातासाठी वेगळा कक्ष काढला, त्यातही बुडवायची टबंच आहेत.

मामा : साइटवर टब कुठून आणू?

भाची : ताडपत्री आहे ना? सिमेंटवर घालता ती. गड्याला तिच्यावर आडवा करा, चौघांनी चार कडा उचलून धरा, मध्ये खोळ होते. त्यात पाणी ओता, बर्फ असेल तर बर्फ टाका, हलवत राहा. तोंड-नाक पाण्याबाहेर, एकाने डोकं धरलेलं. दहा-पंधरा मिनिटं. परदेशात डॉक्टर मंडळी खेळाच्या मैदानावर हेच करतात, त्यांचीही ताडपत्रीच असते.

मामा : आणि पाणी? तू शहरात राहतेस का कुठं? जायकवाडी भरलेलं असलं तरी आमच्याकडं नळ कितीक दिवसांनी येतो. ड्रम भरून ठेवतो आम्ही. ते पिण्याचं पाणी मी कुणाच्या अंगावर ओतू?

हा मामांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. ज्या शहरात पाण्याच्या वाराप्रमाणे घराचं वेळापत्रक ठरतं, तिथे ‘भरपूर पाणी ओता’ हा सल्ला देणाऱ्याने पाणी कुठलं तेही सांगायला हवं. भाचीचं उत्तर मला आवडलं, कारण ते मामांच्याच धंद्यातलं आहे.

भाची : स्लॅबवर पाणी मारता ना? त्याचा हौद असतो, मोटर असते, पाइप असतो. टँकरचं, बोअरचं, खारं, गढूळ, कसलंही चालेल. तोंडात जायचं नाहीये ते. पाइप लावा आणि डोक्यापासून पायापर्यंत धरा. घरी असाल तर भांडी विसळलेलं पाणी वापरा. दोन बादल्याच असतील तरी हरकत नाही. अंग पूर्ण ओलं करा आणि पुठ्ठ्याने, पंख्याने, जे मिळेल त्याने जोरात वारा घाला. सुकलं की पुन्हा ओलं. तुमच्या घरचा कूलर करतो तेच करायचं, गवताच्या जागी माणसाची कातडी. मराठवाड्याची हवा कोरडी आहे, इथे हा उपाय जोरात चालतो. मुंबईच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, तिथे बर्फ आणि गार पाणी जास्त लागतं.

मामा : म्हाताऱ्या माणसालाही ताडपत्रीत बुडवायचं?

भाची : म्हाताऱ्याला, हृदयाच्या रुग्णाला ओलं करणं आणि वारा घालणं बरं. ओली चादर गुंडाळून ठेवू नका, ती दोन मिनिटांत गरम होते. ती बदलत राहावी लागते. बर्फ मान, काखा आणि जांघांत. पण नुसता बर्फ काखेत ठेवून बाकी अंग कोरडं ठेवणं म्हणजे थोडकंच काम झालं.

मामा : थरथरायला लागला तर?

भाची : थरथरू द्या. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला की थांबा. तोवर नाही.

मामा : आणि तापाची गोळी? ताप चढलाय म्हणल्यावर एक क्रोसिन…

भाची : नाही. तापात मेंदूच ठरवतो की अंग गरम ठेवायचं, गोळी त्याला खाली आणते. उष्माघातात मेंदूने तसं काही ठरवलेलं नसतं, उष्णता बाहेर टाकायची वाटच तुंबलेली असते. गोळी काम करत नाही आणि आधीच भाजून निघालेल्या यकृतावर भार टाकते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीच घालू नका. पाणी नाही, सरबत नाही, कांद्याचा रस नाही. ते फुफ्फुसात जातं. त्याला कुशीवर वळवा.

मामा थोडा वेळ गप्प बसतील, असं मला वाटतं. पण ते हरलेले नाहीत. त्यांचा खरा मुद्दा अजून यायचा आहे, आणि त्या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे.

मामा : तुझं सगळं ऐकलं. आता माझं ऐक. टीव्हीवर येतं, बारा ते चार घराबाहेर पडू नका. हे कुणाला सांगतात? माझ्या गड्याचा रोज त्या बारा ते चारमध्येच आहे. तो बसला तर संध्याकाळी हातात काय घेऊन जाईल? बिल्डरला तारीख पाळायची असते. तुम्ही दवाखान्यात टबं मांडा, पण गडी पडतो कामून, ते नाही विचारणार.

भाची : विचारते. नवा गडी जास्त पडतो, हे तुमच्या लक्षात आलंय का?

मामा : येतं ना. गावाकडून आलेलं पोरगं, पहिल्या चार-पाच दिवसांतच लोळतं.

भाची : शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदय कमी धावतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्शाएवढंच, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. उघड्यावर काम करताना उन्हाने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त पहिल्या काही दिवसांतले असतात. आजारातून उठून आलेलाही नवाच समजायचा.

मामा : आम्ही उलटं करतो. नवा आहे, रग आहे, म्हणून त्याला वरच्या मजल्यावर चढवतो.

मामांनी टीव्हीवरच्या इशाऱ्यांचा विषय काढला. त्यात आकड्यांचाही एक सापळा आहे, तो नीट उलगडायला हवा. हवामान खात्याच्या निकषाने मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायची, तर कमाल तापमान किमान ४० अंश आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. किंवा सरळ ४५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असणं हीच सरासरी. म्हणजे चिकलठाणा वेधशाळेत ४२ नोंदले गेले तरी लाट जाहीर होईलच असं नाही, आणि ४२ मध्ये स्लॅबवर राबणारा माणूस मरू शकतो. वेधशाळेचा थर्मामीटर तर सावलीत, हवेशीर पेटीत असतो. सळईजवळ वाकलेल्या माणसाचा हिशेब त्यात नाही.

त्याहून बोलका दाखला नवी मुंबईतल्या खारघरचा. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसं उघड्या मैदानात सकाळपासून दुपारपर्यंत बसली. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी सुमारे ३८ अंश तापमान होतं. चौदा माणसं गेली. समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, प्रचंड गर्दी. ३८ म्हणजे काय, असं मराठवाड्यातला कुणीही म्हणाला असता. पुढच्या वर्षी हजयात्रेत तेराशेहून अधिक माणसं दगावली. प्रत्येक सभा, मोर्चा, यात्रा आणि लग्नाच्या वरातीच्या आयोजकाने हे दोन प्रसंग डोळ्यांसमोर ठेवूनच मांडव घालावा, असं मला कळकळीने वाटतं. मांडव छोटा असेल तर माणसं कमी बोलवावीत.

मामा : सरकार काय करतं मंग?

भाची : करता येतं, मामा. अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. आदल्या दिवशी इशारा, पाणपोया, दवाखान्यांत बर्फ, झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा रंग. आता महाराष्ट्रातल्या शहरांतही आराखडे झालेत.

मामा : कागदावर.

भाची : काही कागदावर. आणि तुम्हाला एक सांगते, ऐकून चीड येईल. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१ ते २६, केंद्राच्या आपत्ती निधीची जी यादी होती तिच्यात बारा आपत्ती होत्या. चक्रीवादळ, पूर, गारपीट, टोळधाडीसारखे कीटकांचे हल्ले, अगदी थंडीची लाटसुद्धा. उष्णतेची लाट नव्हती.

मामा : थंडी आहे आणि ऊन नाही? आपल्याकडं थंडीनं कोण मरतं?

भाची : मरतात की. डिसेंबरात पारा दहाच्या खाली आला की रस्त्याकडेला झोपलेला, ओला झालेला, प्यायलेला माणूस सकाळी गार सापडतो. ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेलं बाळ तर थंडीच नसली तरी गार पडू शकतं.

मामा : प्यायलेल्याला थंडी वाजत नाही म्हणतात.

भाची : वाजत नाही, म्हणूनच मरतो. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की आधी कुडकुडतं, आणखी खाली गेलं की कुडकुडणंच थांबतं. लोकांना वाटतं, बरा झाला. तेव्हाच तो बुडत असतो. इथेही खूण तीच: बोलणं घसरतं, पाय अडखळतात. ओले कपडे काढा, कोरड्या घोंगडीत गुंडाळा, डोकं झाका, छाती-पोटाला आधी ऊब द्या. पूर्ण शुद्धीत असेल तर गोड गरम चहा. हातपाय चोळू नका, गरम वीट लावू नका, हिसके देऊन हलवू नका. गार पडलेलं हृदय धक्क्याने बिघडतं. आणि खोली बंद करून शेगडी पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, झोपेत कुटुंब संपतं.

मामा : आणि बाळ?

भाची : पोटाला हात लावायचा आणि पावलांना. पोट गरम, पावलं गार, तर थंडी लागायला सुरुवात झाली. दोन्ही गार, तर निकड. बाळाला आईच्या उघड्या छातीवर अंगाला अंग लावून ठेवायचं, टोपी घालायची, वरून पांघरूण, आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. जन्मल्या जन्मल्या अंघोळ घालायची नाही, किमान एक दिवस तरी.

मामा : दाई तर आधी अंघोळच घालायची. गार पडलेला माणूस परत येतो का गं?

भाची : येतो. नॉर्वेत १९९९ मध्ये ॲना बोगेनहोल्म नावाची तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली, तासाभराहून जास्त. तिचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय बंद होतं. डॉक्टरांनी हळूहळू ऊब दिली, ती वाचली, पुन्हा कामालाही लागली. थंडीत मेंदूची भूकच कमी होते, म्हणून गार पडलेल्याला ऊब दिल्याशिवाय मेला म्हणत नाहीत.

मामा : आणि उन्हात?

भाची : उन्हात उलटं असतं. तापलेल्या मेंदूची भूक वाढते आणि तो शिजत असतो. थंडीत डॉक्टरकडे तास असतात. उन्हात जे काही असतं ते तुमच्याकडे असतं, साइटवर, पहिल्या अर्ध्या तासात. मी शिकलेली असले तरी माझ्यापर्यंत तो उशिराच येतो.

मामा : ताडपत्री आहे, पाइप आहे. बर्फाची लादी सकाळी थर्माकोलच्या खोक्यात आणून ठेवतो, दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे. कडा कुणी धरायच्या तीही चार नावं ठरवतो. नव्या पोराला आठवडाभर खालच्या मजल्यावर ठेवीन, तेवढं माझ्या हातात आहे. पण दुपारच्या रोजाचं तू काही बोलली नाहीस.

भाची : बोलले नाही, कारण त्याचं औषध माझ्या विभागात नाही. काम पहाटे पाचला सुरू करून अकराला थांबवायचं, संध्याकाळी चारनंतर पुन्हा, आणि रोज पूर्ण द्यायचा. हे बिल्डरकडे आणि कामगार खात्याकडे मागावं लागेल.

मामा : मी एकट्यानं मागितलं तर दुसरा मुकादम आणतील.

भाची : मग दहा मुकादम गोळा करा. मी आमच्याकडच्या डॉक्टरांची सही असलेलं पत्र आणते, या उन्हात दुपारी काम करवणं धोक्याचं आहे असं लिहिलेलं. तारीख तुम्ही ठरवा, मी रजा टाकते.